मुदत कुणाची, पाळी कुणाची

फोनवर समोरच्याचा आवाज तुटायला लागला की आपण 'नेटवर्क नाहीये' म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कधीकधी नेटवर्क बिचारं आपलं काम चोख करून बसलेलं असतं आणि घोटाळा हातातल्या यंत्राच्या पोटात असतो. इंटरनेटवरून बोलताना आवाजाचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे केले जातात. सेकंदाला पन्नास पॅकेटं. तोंडापासून कानापर्यंतचा एकतर्फी प्रवास १५० मिलिसेकंदांच्या आत व्हावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे फार गेलं की दोघं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. या दीडशेचा हिशेब मांडताना लोक केबल धरतात, उपग्रह धरतात, वाटेतले राउटर धरतात. पॅकेट नेटवर्क कार्डावर उतरल्यावर ते उचलून, उलगडून स्पीकरकडे नेणारी प्रोसेस त्या क्षणी प्रोसेसरवर चालू आहे की रांगेत तिष्ठत उभी आहे, हे मात्र धरायचं राहून जातं. एसटीनं पार्सल वेळेत स्टँडवर उतरवलं, पण ते घरी आणणारा पोरगा झोपलेला, अशातली ही गत.

मुदत असते पॅकेटला आणि पाळी मिळते प्रोसेसला. या दोहोंची गाठ कशी घालायची, या प्रश्नानं ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्यांना दशकानुदशकं छळलं आहे. मौज अशी की त्याचं उत्तर म्हणून जो नियम सगळे सांगतात, तो नेटवर्कवाल्यांनीही शोधला नाही आणि संगणकवाल्यांनीही नाही. तो कारखान्यातून आला.

१९५५ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जेम्स जॅक्सन हा संशोधक उत्पादनाच्या वेळापत्रकांवर काम करत होता. यंत्र एकच आहे, कामं अनेक आहेत, प्रत्येकाची माल देण्याची तारीख ठरलेली आहे. तर सर्वांत जास्त रखडणाऱ्या कामाचा उशीर कमीत कमी व्हावा यासाठी क्रम कसा लावायचा? त्याचं उत्तर एका ओळीत मावतं: ज्याची मुदत आधी, त्याची पाळी आधी. कामाला किती वेळ लागणार, गिऱ्हाईक किती मोठं, याचा विचारच नाही. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, पण सिद्धता शाळकरी पोराला कळेल इतकी सोपी आहे. एका कामाला ३ तास लागतात आणि मुदत १० तासांची आहे. दुसऱ्याला ४ तास लागतात आणि मुदत ५ तासांची. पहिलं आधी घेतलं तर दुसरं सातव्या तासाला संपतं, दोन तास उशिरा. उलट केलं तर एक चौथ्या तासाला संपतं, दुसरं सातव्या, आणि दोन्ही मुदतीत बसतात. कुठल्याही वेळापत्रकात अशी शेजारची उलटी जोडी दिसली की अदलाबदल करायची. सर्वांत मोठा उशीर त्यानं कधीच वाढत नाही. करत गेलं की शेवटी मुदतींचाच क्रम उरतो.

याच जॅक्सननं १९५७ मध्ये रांगांच्या जाळ्यांवर एक निबंध लिहिला. एका यंत्रावरून सुटलेलं काम दुसऱ्याच्या रांगेत जातं, तिथून तिसऱ्याच्या, अशा कारखान्याचं ते गणित. पुढे पॅकेट नेटवर्कमधल्या विलंबाचं विश्लेषण करताना लेनर्ड क्लाइनरॉकला तेच कामी आलं. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटचा पहिला संदेश निघाला तो क्लाइनरॉकच्या प्रयोगशाळेतून, म्हणजे यूसीएलएमधूनच. प्रोसेसच्या पाळीचा नियम आणि पॅकेटांच्या रांगांचं गणित, दोन्हींचा मूळपुरुष असा एकच निघतो. घराणी मात्र लवकरच वेगळी झाली. एक गेलं ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये, दुसरं राउटरमध्ये, आणि बराच काळ दोघांनी एकमेकांची फारशी विचारपूस केली नाही.

पाळी चुकली तर काय होतं याचं जाहीर प्रात्यक्षिक १९६९ मध्येच, २० जुलैला झालं होतं. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकानं १२०२ आणि १२०१ क्रमांकाचे इशारे दिले. मार्गदर्शनाचं मुख्य काम दर दोन सेकंदांनी नव्यानं सुरू होत असे. त्या दिवशी, उतरताना गरज नसलेल्या एका रडारच्या जोडणीतून येणारे निरर्थक स्पंद मोजण्यात संगणकाचा वेळ जाऊ लागला, आणि आधीचं काम संपायच्या आत पुढचं दारात उभं राहू लागलं. कामांची नोंद ठेवायची जागा भरून गेली. पण हॅल लॅनिंगनं रचलेल्या, पाळ्या वाटणाऱ्या 'एक्झिक्युटिव्ह' या प्रोग्रॅमला प्रत्येक कामाचा अग्रक्रम ठाऊक होता, आणि जागा संपली तर रांग पुसून फक्त आवश्यक कामं पुन्हा उभी करायची, अशी तजवीज केलेली होती. म्हणून यान उतरलं. क्रम हुशारीनं लावला होता हे खरंच. पण यान वाचवलं ते कामं टाकून देण्याच्या तयारीनं. ही तयारी या वंशावळीत पुढे पुन्हा पुन्हा भेटते, आणि दर वेळी लोक तिला दुय्यम समजतात.

१९७३ मध्ये सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांचा निबंध आला. लिऊ एमआयटीतले, लेलँड जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले. ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येणारी कामं एका प्रोसेसरवर कशी बसवायची, याच्या दोन पद्धती त्यांनी तपासल्या. एक स्थिर अग्रक्रमाची: जे काम जास्त वेळा येतं त्याला वरचा क्रमांक, तोही कायमचा. इथे प्रोसेसर सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत भरलेला असेल तर एकही मुदत चुकणार नाही अशी हमी. कामं दोनच असतील तर हीच मर्यादा जवळजवळ ८३ टक्के. दुसरी पद्धत म्हणजे त्या त्या क्षणी ज्याची मुदत सर्वांत जवळ, त्याला प्रोसेसर. इथे हमी थेट १०० टक्क्यांपर्यंत. हा जॅक्सनचाच नियम, फक्त हातातलं काम मध्येच थांबवायची मुभा दिलेला. या क्षेत्रात त्याला ईडीएफ म्हणतात, 'अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट'. पुढच्याच वर्षी मायकेल डर्टुझोसनं दाखवून दिलं की एका प्रोसेसरवर कुठल्याही युक्तीनं मुदती पाळणं शक्य असेल, तर ईडीएफनंही त्या पाळल्या जातातच.

या निबंधाकडे सगळे क्रम लावण्याचा निबंध म्हणून बघतात. मला तो नकाराचा निबंध वाटतो. ६९ काय किंवा १०० काय, 'याच्यापुढे नवं काम घेऊ नका' असं सांगणारी ती रेघ आहे. रेघेच्या आत हमी, बाहेर काहीच नाही. बाहेर गेल्यावर ईडीएफ तर फारच वाईट वागते. ज्याला उशीर झालाय तेच काम सर्वांत निकडीचं ठरतं, ते पुढे घुसतं, त्याच्यामुळे मागचं चुकतं, मग त्याच्या मागचं. स्थिर अग्रक्रमात निदान बळी कोण जाणार हे आधी ठाऊक असतं. उद्योगातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं स्थिर अग्रक्रमच पसंत केला, त्याचं हे एक कारण.

आणि हमीलाही अटी होत्या. कामं ठरावीक अंतरानं यावीत, ही एक. कामं एकमेकांवर अवलंबून नसावीत, ही दुसरी. पहिली अट पॅकेटांनी मोडली. दुसरी मंगळावर मोडली.

पॅकेटांचं आधी बघू. जाळ्यातून येताना ती ठरावीक अंतरानं येतच नाहीत. अर्पानेटची रचना फाइली आणि टर्मिनल यांच्यासाठी होती. तिथे पॅकेट हरवलं तर पुन्हा पाठवायचं, उशिरा आलं तरी चालतं. १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच जाळ्यावरून दक्षिण कॅलिफोर्नियातली आयएसआय संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन लॅबोरेटरी यांच्यात आवाज पाठवून बघितला. आवाजाला पुनःप्रेषण उपयोगाचं नसतं. हरवलेला तुकडा परत मागवेपर्यंत वाक्य पुढे निघून गेलेलं असतं. पॅकेट हरवलं तर चालेल, उशीर चालणार नाही, ही मागणी त्या वेळच्या नेटवर्कवाल्यांना विक्षिप्तच वाटली असणार. पण तिचा परिणाम खोल झाला. १९७८ मध्ये, पॅकेटं पोचवणं आणि हरवलेली पुन्हा पाठवणं ही दोन्ही कामं करणाऱ्या टीसीपीचे दोन भाग करून आयपी वेगळा काढला गेला, त्यामागे आवाजवाल्यांचा हा आग्रह एक महत्त्वाचं कारण होता. आणि १९८० मध्ये जॉन पोस्टेलनं यूडीपीचं तीन पानी टिपण लिहिलं. हमी काहीच नाही, म्हणून थांबणंही नाही. आजचे बरेचसे व्हिडिओ कॉल या तीन पानांवर उभे आहेत.

१९८५ मध्ये जॉन नेगलनं एक खोडसाळ वाटावा असा प्रश्न विचारला: राउटरला अमर्याद मेमरी दिली तर? एकही पॅकेट टाकायला नको, मग सगळं सुरळीत चालेल ना? त्यानं दाखवलं ते नेमकं उलटं. पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते. रांग अमर्याद वाढली की प्रत्येक पॅकेट पुढे येईपर्यंत कालबाह्य झालेलं असतं, आणि एकही न टाकायचं म्हणणारं नेटवर्क शेवटी सगळीच टाकतं. रांग लांबवून उशिराचा प्रश्न सुटत नाही, हे त्यानं १९८५ मध्येच सांगून ठेवलं होतं. उद्योगानं ते ऐकलं नाही. २०१० च्या सुमारास जिम गेटिस घरातल्या राउटरमधल्या फुगलेल्या बफरांबद्दल ओरडू लागला, तेव्हा तो तोच रोग नव्यानं सांगत होता. मेमरी स्वस्त झाली की शहाणपण महाग होतं की काय, कोण जाणे.

नेगलनं उपायही सुचवला होता: प्रत्येक स्रोताला स्वतःची रांग, आणि रांगांना आळीपाळीनं संधी. १९८९ मध्ये अ‍ॅलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी त्याला नेमकं रूप दिलं. त्यातली कल्पना सुंदर आहे. राउटरनं प्रत्येक रांगेतून एकेक बिट पाठवला असता तर हे पॅकेट कधी संपलं असतं, तो काल्पनिक क्षण काढायचा, आणि ज्याचा क्षण आधी त्याला पुढे सोडायचं. म्हणजे पुन्हा जॅक्सन! फरक इतकाच की आता मुदत गिऱ्हाईक देत नाही, न्यायाच्या हिशेबातून यंत्रच ती काढतं. अभय पारेख आणि रॉबर्ट गॅलागर यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं की स्रोतानं आपला वेग मर्यादेत ठेवला तर या पद्धतीत पॅकेटच्या विलंबाला पक्की कमाल मर्यादा घालता येते. बर्कलीत डोमेनिको फेरारी आणि दिनेश वर्मा यांनी १९९० मध्येच थेट मुदतीवर चालणारे राउटर मांडले होते, आणि त्यांच्या योजनेत नवं कनेक्शन नाकारण्याची परीक्षा क्रमाइतकीच महत्त्वाची होती.

नेटवर्कवाल्यांनी असा राउटरपर्यंतचा रस्ता नीट बांधला. शेवटचा टप्पा उरला, तो यंत्राच्या आतला. तिथे काय चाललं होतं हे १९९६ मध्ये उघड झालं, आणि ते वर्ष या विषयाच्या सुगीचं ठरलं.

नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं की कार्ड इंटरप्ट देतं: हातातलं टाक, माझ्याकडे बघ. कीबोर्डसाठी, डिस्कसाठी ही रीत ठीक आहे. कारण डिस्क न मागता काही देत नाही. नेटवर्क न मागता देतं. १० मेगाबिटच्या जुन्या इथरनेटवर सर्वांत लहान पॅकेटं ओळीनं आली तर सेकंदाला १४,८८० येतात. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी दाखवलं की अशा माऱ्याखाली कर्नल सगळा वेळ इंटरप्टना जबाब देण्यातच घालवतो. पॅकेटं आत घेतली जातात, पुढच्या रांगेत ठेवली जातात, ती रांग भरते, आणि मेहनतीनं आत घेतलेलं पॅकेट तिथे फेकलं जातं, कारण रांग उपसणाऱ्या प्रोसेसला पाळीच मिळत नाही. यंत्र शंभर टक्के कामात आणि बाहेर पडणारं फळ शून्य. त्यांनी याला 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हटलं. इथे प्रोसेसना पाळी वाटणारा शेड्युलर कितीही हुशार असो, निरुपयोगी. कारण इंटरप्ट त्याला विचारून येतच नाहीत. खरा शेड्युलर बाहेरून पॅकेटं पाठवणारा परका माणूस होऊन बसतो.

त्यांचा उपाय: पहिला इंटरप्ट आला की पुढचे बंद करायचे, कर्नलनं स्वतः फेरी मारून ठरावीक संख्येनं पॅकेटं उचलायची, आणि प्रोसेसना त्यांचा वाटा मिळत नसेल तर उचलणंच थांबवायचं. मग कार्डावरची जागा भरते आणि जास्तीची पॅकेटं तिथेच गळतात. टाकायचंच असेल तर काही खर्च व्हायच्या आत, दारातच टाका. लिनक्समध्ये हाच विचार जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांच्या २००१ मधल्या कामातून 'नॅपी' या नावानं रुजला आणि आजही तिथे आहे. १० गिगाबिटवर तोच मारा सेकंदाला एक कोटी ४८ लाखांवर जातो, म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. नॅपीसारख्या उपायाशिवाय असा मारा सोसणारं यंत्र उभंच राहिलं नसतं.

त्याच १९९६ मध्ये टेक्सासच्या राइस विद्यापीठातून पीटर ड्रुशेल आणि गौरव बंगा यांनी वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवलं. पॅकेटवर कर्नल जो वेळ घालवतो तो कुणाच्या खात्यावर पडतो? इंटरप्ट येतो त्या क्षणी जी प्रोसेस योगायोगानं चालू असेल, तिच्या. ती बिचारी आपलं गणित सोडवत असते आणि तिच्या वेळेतून दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ उतरवला जातो. त्यांच्या पद्धतीत पॅकेट येताच ते कुणाचं हे ओळखून त्याच्या रांगेत टाकायचं आणि बाकीचं सगळं काम ज्याचं पॅकेट आहे त्या प्रोसेसच्या पाळीत, तिच्याच खर्चानं करायचं. केंब्रिजमध्ये नेमेसिस ही आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम याच तत्त्वावर उभी राहिली होती: दुसऱ्यासाठी राबणारी सामायिक सेवा शक्यतो नकोच, प्रत्येकानं आपलं नेटवर्कचं काम आपल्या वाट्याच्या वेळेत करावं, आणि ते वाटे ईडीएफनं वाटावेत. नेमेसिस कुणी वापरली नाही. पण तिचा शेड्युलर केंब्रिजच्याच झेन या आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीत उतरला, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत अनेक आभासी यंत्रं एका प्रोसेसरवर चालवताना झेननं त्याचा वारसा वापरला.

या साऱ्यांत मला सर्वांत आवडते ती अ‍ॅरिझोना विद्यापीठातली स्काउट. डेव्हिड मॉसबर्गर आणि लॅरी पीटरसन यांची. बाकीचे पॅकेटची मुदत आणि प्रोसेसची पाळी या दोन गोष्टी धरून त्यांच्यात पूल बांधत होते. स्काउटनं दोन गोष्टी मानल्याच नाहीत. कार्डापासून पडद्यापर्यंतचा सबंध मार्ग हीच तिथली मूळ वस्तू. पॅकेट दारात आलं की ते कुठल्या मार्गाचं हे तिथेच ठरायचं, आणि त्या मार्गावर चालणाऱ्या थ्रेडला मार्गाचीच मुदत लागू व्हायची. व्हिडिओच्या मार्गाची मुदत काढायची कशी? दुसऱ्या टोकाला, पडद्याच्या रांगेत किती चित्रं शिल्लक आहेत ते बघून. समजा सेकंदाला ३० चित्रं दाखवायची आहेत आणि तीन शिल्लक आहेत. मग पुढचं चित्र तयार व्हायला १०० मिलिसेकंद आहेत, ती मुदत. शिल्लक घटली की मुदत आपोआप जवळ येते, थ्रेड आपोआप पुढे सरकतो. आणि पडद्यावर दर तिसरंच चित्र हवं असेल, तर बाकीच्यांची पॅकेटं दारातच टाकता येतात, कारण ती कुठे जाणार हे दारातच कळलेलं असतं. मुदत कुणी हातानं लिहून द्यायची नाही. ती ज्याला हवी आहे त्याच्याकडून मागे वाहत येते. इतकी स्वच्छ कल्पना या क्षेत्रात त्यानंतर फारशी दिसली नाही. स्काउट प्रयोगशाळेबाहेर मोठी झाली नाही, हे तिचं दुर्दैव. कर्नल नव्यानं लिहायला कुणाला परवडतं?

थोडं पुढे, १९९९ मध्ये, जॉर्जिया टेकमध्ये रिचर्ड वेस्ट आणि कार्स्टन श्वान यांनी मुदत चुकण्यालाच हिशेबात घेतलं. प्रत्येक प्रवाहानं सांगावं की माझ्या इतक्या पॅकेटांपैकी इतकी चुकली तरी चालतील. ज्याची सवलत संपत आली त्याला वरचा क्रम. व्हिडिओ बघणाऱ्याला पाचातलं एक चित्र गेलेलं कळत नाही, ओळीनं पाच गेलेली कळतात. मुदतीच्या जुन्या सिद्धांतात या फरकाला जागाच नव्हती.

आता मंगळ. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान तिथे उतरलं, आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच स्वतःला रीसेट करू लागला. यानाच्या आतली उपकरणं एका सामायिक डेटा बसवरून बोलत, आणि त्या बसचं चक्र सेकंदाला आठ वेळा फिरे. दर चक्राला एक प्रोसेस आलेला डेटा वाटायची आणि दुसरी पुढच्या चक्राची तयारी करायची. तयारी करणारीला दिसलं की वाटणारीचं काम अजून संपलेलं नाही, तर काहीतरी भयंकर घडलंय असं समजून ती संगणक रीसेट करायची. डेटाची मुदत आणि प्रोसेसची पाळी इतकी उघडपणे एकमेकांना बांधलेली क्वचितच सापडेल. वाटणाऱ्या प्रोसेसचा अग्रक्रम वरचा होता. पण तिला लागणारं, एका वेळी एकाच प्रोसेसला घेता येणारं एक कुलूप हवामानाची मापं गोळा करणाऱ्या एका खालच्या प्रोसेसकडे होतं, आणि त्या खालचीला मधल्या अग्रक्रमाच्या लांबलचक कामांनी बाजूला सारलं होतं. वरची खालचीसाठी थांबली, आणि मधले निवांत चालत राहिले. लिऊ-लेलँडच्या स्वतंत्र कामांच्या जगात असं होऊच शकत नाही.

औषध आधीच तयार होतं. लुई शा, राज राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये मांडलेलं: कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला, वाट बघणाऱ्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता उसना द्यायचा. पाथफाइंडरवरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही सोय होतीही, फक्त त्या कुलपासाठी ती सुरू केलेली नव्हती. पृथ्वीवरून ती सुरू करण्यात आली.

दोन घराणी पुन्हा एकत्र आली ती लिनक्समध्ये, तीही हप्त्याहप्त्यानं. एका धाग्याची सुरुवात पवईत शिकलेल्या माणसाकडे जाते. आयआयटी मुंबईतून १९८१ मध्ये बाहेर पडलेला जॉर्ज व्हर्गीस पुढे टोनी लॉकबरोबर टायमरांच्या प्रश्नावर काम करत होता: हजारो टायमर लावायचे आहेत, तर प्रत्येक नव्या टायमरसाठी सगळी यादी चाळावी लागू नये. १९८७ मध्ये त्यांनी 'टायमिंग व्हील' मांडलं. गोल फिरणारे कप्पे, ज्या क्षणाचा टायमर त्या क्षणाच्या कप्प्यात. तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, गुगलनं आपल्या सर्व्हरमधून बाहेर पडणाऱ्या पॅकेटांसाठी हेच चाक वापरलं. प्रत्येक पॅकेटवर ते कधी निघायचं तो क्षण लिहायचा आणि त्याला त्या कप्प्यात टाकायचं. पॅकेटांच्या रांगा जाऊन त्यांच्या जागी घड्याळ आलं.

दुसरा धागा इटलीतल्या पिसाचा. १९९८ मध्ये लुका अबेनी आणि जॉर्जो बुत्ताझ्झो यांनी ईडीएफच्या जुन्या रोगावर उपाय सांगितला: प्रत्येक प्रोसेसला वेळेचं बजेट द्या, बजेट ओलांडलं तर तिचीच मुदत पुढे ढकला, शेजाऱ्याची नाही. पिसाच्याच लोकांनी लिहिलेला हा शेड्युलर मार्च २०१४ मध्ये लिनक्स ३.१४ मध्ये आला. प्रोसेस सांगते, 'दर वीस मिलिसेकंदांत मला दोन मिलिसेकंद द्या'. कर्नल बेरीज करतो आणि बसत नसेल तर चक्क नाही म्हणतो. एक्केचाळीस वर्षांनी लिऊ-लेलँडची रेघ सर्वसामान्य कर्नलमध्ये उमटली.

तिसरा धागा गमतीचा. राउटरमधली ती काल्पनिक मुदतीची कल्पना १९९५ मध्ये आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी प्रोसेसना लावली आणि तिला ईईव्हीडीएफ असं भारदस्त नाव दिलं. निबंध पडून राहिला. स्टोइका पुढे डेटाब्रिक्स कंपनीचा सहसंस्थापक म्हणून जगाला माहीत झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिनक्स ६.६ आलं आणि त्यात पीटर झिल्स्ट्रानं साध्या प्रोसेसचा शेड्युलर बदलून हाच बसवला. पॅकेटांसाठी शोधलेला न्याय असा प्रोसेसच्या घरात नांदायला आला.

इंटरप्टचं बंडही मोडलं गेलं. रिअल-टाइम लिनक्सच्या पॅचमध्ये इंटरप्टचं बहुतेक काम थ्रेडकडे दिलं जातं, म्हणजे पॅकेट उचलणाऱ्यालाही इतरांसारखं रांगेत उभं राहावं लागतं आणि त्याचा क्रम तुम्ही ठरवू शकता. वीसएक वर्षं बाहेर राहिलेला हा पॅच २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य लिनक्सचा भाग झाला.

हे सगळं आज एकत्र लागतं ते कारखान्यात. जॅक्सनच्या कारखान्यातलं यंत्र आता इथरनेटवर आहे. यंत्रमानवाच्या सांध्याला दर मिलिसेकंदाला आज्ञा पोचली पाहिजे, त्यासाठी घड्याळं जुळवलेले स्विच आहेत, आणि २०१८ पासून लिनक्समध्ये ईटीएफ नावाची पॅकेटांची रांग आहे. प्रोसेस प्रत्येक पॅकेटवर निघण्याचा क्षण लिहून देते, नॅनोसेकंदांत. रांग त्या क्षणांच्या क्रमानं लावलेली असते. क्षण उलटून गेलेलं पॅकेट पाठवत नाहीत, टाकून देतात.

मार्ग मात्र अजूनही स्काउटसारखा अखंड नाही. प्रोसेसचा शेड्युलर पॅकेटवर लिहिलेला क्षण वाचत नाही, आणि पॅकेटांच्या रांगेला प्रोसेसच्या मुदतीचा पत्ता नाही. ईटीएफ लावताना 'डेल्टा' नावाचा एक आकडा द्यावा लागतो: ठरलेल्या क्षणाच्या किती नॅनोसेकंद आधी कर्नलनं जागं व्हायचं. तो कुठल्याही प्रमेयातून निघत नाही. ज्या यंत्रावर चालवायचं त्याच्यावर सायक्लिकटेस्ट हा प्रोग्रॅम भरपूर लोड देऊन रात्रभर चालवायचा, जागं व्हायला लागलेला सर्वांत वाईट उशीर बघायचा, त्यात थोडं पदरचं घालायचं आणि लिहायचा. लिनक्सचं मॅन्युअलही आडपडदा न ठेवता त्याला शेड्युलरच्या उशिरासाठी अंदाजानं सोडलेली जागाच मानतं. काहीच लिहिलं नाही, तर कर्नल शून्य धरतो.